साठा पंचगंगेच्या कोणत्या काठावर?

गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतली एक मध्यम फाउंड्री (ओतशाळा) बिडाचं एक हाउसिंग, म्हणजे यंत्रभागाचं बाहेरचं कवच, ओतते. वजन १२ किलो, रोजची गरज ४०० नग. ओतकाम आणि फेटलिंग (कडा घासून साफ करणं) झालं की कास्टिंग टेम्पोत चढतं, शहराच्या कडेने महामार्ग धरतं, पंचगंगेचा पूल ओलांडतं आणि शिरोलीच्या एका मशीन शॉपमध्ये जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर मशीनिंग करून घ्यायला, उतरतं. तिथे त्याचे दोन प्रकार होतात: चार होलचं आणि सहा होलचं. कास्टिंग दोन्हींचं एकच, फरक फक्त ड्रिलिंगचा. रोज साधारण २५० नग चार होलचे आणि १५० सहा होलचे लागतात, पण हे प्रमाण आठवड्याला बदलतं. तयार माल दर दोन दिवसांनी ८०० नगांची एक गाडी भरून पुण्याजवळच्या चाकणला, ग्राहकाच्या कारखान्यात जातो. अंतर सुमारे २६० किलोमीटर, रात्री निघालेली गाडी सकाळी गेटवर.

हा कारखाना, त्यातली माणसं आणि रुपयांचे व नगांचे आकडे शिकवण्यासाठी जुळवलेले आहेत. नद्या, रस्ते आणि महापूर खरे आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावात ज्याने कुणी डिस्पॅच सांभाळला असेल, त्याला बाकीचंही ओळखीचं वाटेल.

मालकासमोर मे २०२२ मध्ये प्रश्न होता तो असा. २०१९ आणि २०२१ अशा दोन महापुरांत ग्राहकाची जुळणीची लाइन अडली. दुसऱ्या वेळी लाइन बंद पडल्याबद्दल डेबिट नोट (बिलातून नुकसानीची वजावट) आली आणि सोबत पत्र: पुढच्या पावसाळ्यासाठी सहा दिवसांचा जादा साठा पुण्यात ठेवा, नाहीतर आम्ही दुसरा पुरवठादार उभा करतो. मालकाने हिशेब मांडला आणि हैराण झाला.

नकाशा आधी, सूत्र नंतर

पुरवठा साखळी शिकवताना सुरुवात बहुधा मागणीच्या अंदाजापासून होते. कोल्हापुरात ती नकाशापासून करावी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा होते. गगनबावडा आणि राधानगरीकडे पाऊस धरला की तो सगळा इथून जातो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ जवळपास आठवडाभर बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पातळी ५६ फुटांच्या वर गेली आणि महामार्ग पुन्हा काही दिवस पाण्याखाली होता.

गोकुळ शिरगाव पंचगंगेच्या दक्षिणेला आहे. तिथून आणखी दक्षिणेला निघालं तर दूधगंगा आणि वेदगंगा आडव्या येतात, आणि निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर चढतं. पश्चिमेला रत्नागिरीचा रस्ता केर्लीजवळ बुडतो, गगनबावड्याचाही जागोजागी. रेल्वेचं नाव काढलं तर रुकडीचा पूल त्याच पंचगंगेवर आहे. म्हणजे मोठ्या पुरात गोकुळ शिरगाव बेट होतं. शिरोलीची वसाहत मात्र नदीच्या उत्तरेला आहे. पुण्याकडून पाहिलं तर ती अलीकडच्या काठावर.

थोडक्यात, या साखळीच्या दोन प्रक्रियांच्या मधून नदी वाहते. एरवी अर्ध्या-पाऊण तासाचा टेम्पोचा रस्ता. पुरात तोच साखळीचा तुटणारा सांधा. २०१९ नंतर मालकाने साठा किती असावा याचाच विचार केला. तो कुठे असावा, हे कुणी विचारलं नाही.

२०२१ मध्ये नेमकं काय झालं

त्या वर्षी कारखाना गाफील नव्हता. २२ जुलैला, गुरुवारी, साठ्याचा कागद काढला तर असा होता: फाउंड्रीच्या यार्डात १,१०० कास्टिंग, शिरोलीत न मशीन केलेली ३००, शिरोलीत तयार माल ५०० (सगळा चार होलचा), आणि चाकणला ३०० चार होलचे व १०० सहा होलचे. एकूण २,३००. रोजच्या ४०० च्या हिशेबाने साडेपाच दिवसांहून जास्त माल.

पाणी २०१९ पेक्षा झपाट्याने चढलं. यार्डातली १,१०० कास्टिंग नदीच्या चुकीच्या काठावर अडकली. चाकणच्या लाइनवर त्या आठवड्यात सहा होलच्या मॉडेलचं शेड्यूल वाढलेलं, त्यामुळे तिथले १०० नग पहिल्याच दिवशी संपले. शिरोलीत कच्ची ३०० होती, ती सहा होलची करता आली असती. पण सहा होलचं ड्रिल फिक्स्चर (नग पकडून होलची जागा ठरवणारा साचा) त्यातले बुश, म्हणजे ड्रिलला दिशा देणाऱ्या नळ्या, बदलायला शिवाजी उद्यमनगरातल्या एका टूलरूमला गेलेलं. उद्यमनगर शहरात, म्हणजे तेही नदीच्या दक्षिणेला! मशीन शॉपचे निम्मे ऑपरेटर शहरात राहणारे, तेही पलीकडेच. आणि वीज जाऊन-येऊन.

दुसऱ्या दिवशी लाइन सहा होलच्या मॉडेलसाठी थांबली, तेव्हा साखळीत २,००० च्या आसपास नग होते. त्यातला कामाचा एकही नाही. एकूण साठा आणि उपलब्ध साठा यातला फरक समजावायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर त्या दिवशी सगळं हिरवं दिसत होतं.

सरासरीत न दिसणारा पूर

ग्राहकाच्या सप्लायर क्वालिटीच्या माणसाने सुरक्षित साठ्याचं पाठ्यपुस्तकातलं सूत्र पाठवलं होतं: मागणीतला चढउतार, लीड टाइमची (माल पोचायला लागणाऱ्या वेळेची) सरासरी आणि लीड टाइममधला चढउतार घाला, किती साठा ठेवायचा ते बाहेर येईल. सूत्र चुकीचं नाही, इथे ते आंधळं आहे.

करून बघा. वर्षात ३०० कामाचे दिवस आणि रोज एक खेप धरा, प्रत्येक खेपेला एक दिवस. त्यात एकदा सहा दिवस रस्ता बंद. बंदच्या पहिल्या दिवशीची खेप सहा दिवस जादा थांबेल, दुसऱ्या दिवशीची पाच, अशी शेवटची एक. बेरीज २१ दिवस. ३०० खेपांवर वाटली तर सरासरी लीड टाइम एक दिवसावरून १.०७ दिवस होतो. वर्षभराच्या एमआयएस (व्यवस्थापनासाठीच्या माहितीच्या) अहवालात हा फरक कुणाच्या डोळ्यातही भरणार नाही. आणि सूत्र तर असं गृहीत धरतं की उशीर वर्षभर थोडा थोडा विखुरलेला असतो. इथे तो साडेनऊ महिने शून्य असतो आणि जून मध्य ते ऑगस्ट अखेर या अडीच महिन्यांत एकदम सहा दिवसांचा येऊन कोसळू शकतो.

शिवाय हा धोका सांगून येतो. मशीन बिघडतं ते न सांगता, नदी मात्र दर तासाला फूट-इंचात सांगत असते. बंधाऱ्याची पातळी जिल्हा आपत्ती कक्ष जाहीर करतो, कोल्हापुरात पानपट्टीवरसुद्धा ती तोंडपाठ असते. इतका चांगला पूर्वसूचक फुकट मिळत असताना बारमाही साठा धरून बसणं म्हणजे पैसे झोपवणं. माझं म्हणणं एवढंच की पावसाळ्यातला साठा पातळीला जोडावा, वर्षाला नाही.

तीन पर्याय

कच्चं कास्टिंग १,१०० रुपयांचं, मशीन केलेलं १,५०० चं, बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज १२ टक्के धरू.

ग्राहकाचा पर्याय: सहा दिवसांचा तयार माल, २,४०० नग, वर्षभर पुण्यात. ३६ लाख अडकले. व्याज ४ लाख ३२ हजार, गोडाऊनचं भाडं महिना २० हजार धरलं तर २ लाख ४० हजार. वर्षाला पावणेसात लाखांच्या घरात.

मालकाचा पहिला प्रतिप्रस्ताव: तेवढाच माल, पण फक्त अडीच महिने. व्याज ९० हजार, भाडं ५० हजार, एकूण १ लाख ४० हजार. हे कितीतरी बरं, पण २०२१ ची मूळ चूक यात तशीच राहते. २,४०० नगांत चार होलचे किती आणि सहा होलचे किती हे जूनमध्ये ठरवायचं आणि ऑगस्टमध्ये शेड्यूल उलटं झालं की बसायचं. मशीन केलेल्या फेसला पावसाळी हवेत गंजाचा डाग पडला की इन्स्पेक्शनला रिजेक्ट. गंजरोधक तेल आणि पिशव्यांचा खर्च वेगळा. कच्च्या कास्टिंगवर वरवर तांबूस थर आला तरी तो मशीनिंगच्या अलाउन्समध्ये (कापून काढायच्या जादा थरात) निघून जातो.

म्हणून तिसरा पर्याय, आणि मला तो या प्रकरणाचा गाभा वाटतो. साठा दोन जागी, दोन रूपांत. शिरोलीत कच्ची कास्टिंग नेहमीच्या दोन दिवसांऐवजी चार दिवसांची, म्हणजे १,६००. तीच पाहिजे त्या प्रकारची करता येतात, कारण निर्णय ड्रिलिंगच्या आदल्या क्षणापर्यंत पुढे ढकललेला असतो. आणि एक गाडी, म्हणजे ८०० तयार नग, ५०० चार होलचे व ३०० सहा होलचे, जूनमधल्या रविवारी जादा पाळी लावून करून ठेवायचे, तेही शिरोलीतच. बंधाऱ्याची ठरावीक पातळी आली की ती गाडी चाकणला रवाना.

खर्च: जादा ८०० कच्ची, ८ लाख ८० हजारांवर अडीच महिन्यांचं व्याज २२ हजार. ८०० तयार, १२ लाखांवर ३० हजार. एकूण ५२ हजार, शिवाय तेल-पॅकिंग आणि हमाली.

आता हे पुरतं का? चाकणला नेहमीचा दोन दिवसांचा साठा ८००, आधी पाठवलेली गाडी ८००. पुरात शिरोलीची निम्मी माणसं येणार नाहीत, म्हणून मशीनिंग रोज ४०० ऐवजी २०० धरू; सहा दिवसांपैकी दोन दिवस वीज नाही असंही धरू, म्हणजे ८००. बेरीज २,४००, सहा दिवसांची गरज बरोबर तेवढीच. काठावर पास. वीज राहिली तर हाच साठा आठ दिवस ओढतो.

एक गृहीतक इथे दडलेलं आहे: शिरोलीतून उत्तरेला गाडी सुटेल. पुराच्या दिवसांत अवजड वाहनं वाटेतच थांबवून ठेवतात, आणि पुण्याकडची रिकामी गाडी शिरोलीपर्यंत यायला ड्रायव्हर तयार होत नाही. म्हणून पावसाळ्यापुरता करार अशा ट्रान्सपोर्टरशी केला ज्याच्या गाड्या पेठ वडगाव-कराडकडे उभ्या असतात. भाडं नेहमीपेक्षा थोडं चढं. द्यावं.

३९ की ३५

गाडी कोणत्या पातळीला हलवायची यावर मे महिन्याच्या बैठकीत जोरात वाद झाला. मालकाचं म्हणणं, इशारा पातळी सरकारनेच ठरवलेली आहे, ३९ धरू. डिस्पॅचचे सुपरवायझर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ऐकेनात.

"साहेब, ३९ ला गाडी भरायला घेतली तर उशीर झाला म्हणून समजा. गेल्या येळंला बघितलंय की. ३५ ला आन् पाणी चढतीला असंल तर हलूया."

"मामा, ३५ फूट बहुतेक पावसाळ्यात होतातच. दरवेळी गाडी पळवायची? आणि पाणी उतरलं तर?"

"उतरू दे की. माल काय परत येणार हाय? तितंच खपतोय."

मामांनी एका वाक्यात जे सांगितलं ते समजायला व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना बराच वेळ लागतो. इशारा खोटा ठरला तर तोटा किती, हे आधी विचारायचं. इथे खोट्या इशाऱ्याची किंमत जवळजवळ शून्य आहे. ती गाडी तशीही दोन दिवसांनी जाणारच होती, भाडं तेच लागणार होतं. ती फक्त लवकर गेली. पुढच्या दोन दिवसांच्या उत्पादनातून शिरोलीतला साठा परत भरून निघतो. उलट इशारा हुकला तर लाइन बंद. अशा वेळी उंबरठा खाली ठेवावा आणि दोन-तीनदा फुकट धावपळ झाली म्हणून कुरकुरू नये.

ठरलं ते असं. ३५ फूट, पातळी चढती आणि गगनबावड्याकडे पावसाचा जोर: तयार गाडी चाकणला, आणि फाउंड्रीच्या यार्डातलं प्रत्येक कास्टिंग टेम्पोच्या जादा फेऱ्या लावून पुलापलीकडे. ३९ फूट: शेवटची फेरी, शिरोलीला जाणाऱ्या ऑपरेटरांपैकी जे तयार असतील त्यांची राहण्याची सोय पलीकडेच. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली तर पातळी काहीही असो, एक पायरी पुढे जायचं. ४३ फूट: फाउंड्रीत नवी हीट (भट्टीचा नवा घाणा) घ्यायची नाही. हा शेवटचा मुद्दा लॉजिस्टिक्सचा वाटत नाही, पण इंडक्शन फर्नेसमध्ये वितळलेलं लोखंड असताना वीज गेली आणि ते आत गोठलं तर पूर ओसरल्यावरही ओतकाम अडून राहतं. तसंही ओतलेला माल यार्डातच पडून राहणार.

महामार्गाच्या सहापदरीकरणात शिरोलीजवळ भराव टाकायचा की पिलरवर पूल उभा करायचा, यावर कोल्हापुरात मोठा वाद झालेला आहे. रस्ता उंच झाला तर हे उंबरठे बदलतील. भरावच झाला तर पाणी कुठे तुंबेल ते नव्याने बघावं लागेल. तोवर ३५.

कागद

साठा शिरोलीत ठेवायचा म्हणजे तो दुसऱ्याच्या छताखाली ठेवायचा. कास्टिंग जॉबवर्कच्या चलनावर जातं, मालकी फाउंड्रीचीच. तिथूनच थेट ग्राहकाला बिल करायचं तर जॉबवर्कर स्वतः जीएसटीत नोंदलेला हवा, किंवा त्याची जागा आपल्या नोंदणीत अतिरिक्त व्यवसायस्थान म्हणून हवी. विमा पॉलिसीत त्या जागेचा पत्ता आणि पुराचं संरक्षण दोन्ही आहे ना, ते मे महिन्यातच बघायचं. ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ऑनलाइन बिलाची) मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे चाकणला दोन दिवस. गाडी कराडच्या पुढे अडकली तर मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांच्या आत ती वाढवून घ्यावी लागते. ऑफिसमधला हे काम करणारा मुलगा स्वतःच पुरात अडकलेला असू शकतो, म्हणून लॉगिन दोघांकडे.

कच्च्या मालाबद्दल फार बोलायची गरज नाही. कासार्डेकडची सिलिका वाळू घाटातून येते, पावसाळ्यात भिजून येते, आणि हे कोल्हापुरातल्या फाउंड्रीवाल्यांना कुणी शिकवायला नको. पिग आयर्न (भट्टीत वितळवायचं कच्चं लोखंड) आणि वाळू जूनच्या आधी भरून घेतलेली असते.

पूर ओसरल्यानंतरचा पूर

२०२१ चं दुसरं नुकसान डेबिट नोटमध्ये नव्हतं. रस्ता सुरू झाल्यावर घाबरलेल्या ग्राहकाने आठवड्याचं २,४०० चं शेड्यूल ३,६०० केलं. मशीन शॉपने आपल्या बाजूने थोडं जास्त धरून ४,५०० कास्टिंग मागितली. फाउंड्रीच्या खरेदी विभागाने त्यावर आणखी धरून पिग आयर्नची ऑर्डर दुप्पट केली. प्रत्यक्षात चाकणला हाउसिंग बसत होती रोज ४०० च. गणपती येईपर्यंत यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती आणि सप्टेंबरमध्ये शेड्यूल निम्म्यावर आलं. मागणी टोकाला जराशी हलली की मागे मागे तिचा झोका वाढत जातो, याला बुलव्हिप परिणाम म्हणतात. त्यात कुणी मूर्खपणा केलेला नसतो, प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाच केलेला असतो.

त्यावर उपाय म्हणून ग्राहकाकडून एक गोष्ट मागून घेतली: पुराच्या काळात आणि नंतरचे तीन आठवडे शेड्यूलसोबत लाइनवर रोज प्रत्यक्ष बसलेल्या नगांचा आकडा, प्रकारानुसार. फाउंड्री आणि मशीन शॉप दोघांनीही त्याच आकड्यावर काम करायचं. पर्चेसचा माणूस आधी नाही म्हणाला, गोपनीय आहे म्हणे. ५२ हजारांचा खर्च आम्ही उचलतो, तुम्ही आकडा द्या, असं म्हटल्यावर कबूल झाला. माझ्या मते हा सौदा फाउंड्रीच्या फायद्याचा होता. नुसत्या पिग आयर्नच्या एका जादा ऑर्डरवरचं व्याजही त्या खर्चाच्या जवळ जातं.

जे या आराखड्यात बसत नाही

१५ जूनच्या आत दोन्ही ड्रिल फिक्स्चर शिरोलीत असायला हवीत आणि बुशचा एक जादा सेट त्यांच्याच कपाटात. दुरुस्तीला नदी ओलांडून काहीही न्यायचं नाही, ऑगस्ट अखेरपर्यंत. ऑपरेटरांची यादी पत्त्यानुसार लावली तेव्हा कळलं की सहा होलच्या ड्रिलिंगवर हात बसलेले चौघेही शहरात राहतात. शिये आणि टोपकडच्या दोघांना जून महिन्यात शिकवायला घेतलं.

रस्ता सहा दिवसांहून जास्त बंद राहिला आणि वीजही दोन दिवस गेली, तर सातव्या दिवशी निम्मा माल कमी पडतो आणि आठव्या दिवसाअखेर तुटवडा ४०० नगांचा होतो. यावर जादा साठ्याचा उपाय मालकाने मुद्दाम घेतला नाही. त्याऐवजी चाकणला लेखी देऊन ठेवलं की बंदच्या तिसऱ्या दिवशी दुपारी चारला शिरोलीतली शिल्लक, त्या दिवशी चाललेल्या मशीन आणि हजर ऑपरेटर असे तीन आकडे कळवले जातील. तेवढ्या मुदतीत त्यांना लाइनवर मॉडेलचा क्रम बदलता येतो. ग्राहकाच्या प्लॅनिंगवाल्याने त्या कागदावर सही केली आणि खाली पेनने लिहिलं, चार नको, दोनला कळवा. चारच्या आधी दुसऱ्या पाळीचं शेड्यूल निघतं.